पेन्सिल खाली ठेवताना

कुंदाताई सबनीस आणि मी कायद्याची तीन वर्षं एका बाकावर बसून शिकलो, असं भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधले लोक सांगतात. मला तो बाक फारसा आठवत नाही. आठवतो तो पिपलानीहून बरखेड्याकडे जाणारा रस्ता, दोन्ही अंगांना एकसारखी पिवळी क्वार्टर्स, आणि माझ्या पुढे तरातरा चालणाऱ्या कुंदाताई. करार कशाला म्हणतात हे मी चालत शिकले. मालमत्तेचा कायदा शिकता शिकता माझ्या चपला झिजल्या. पास मात्र झाले आणि ते त्यांच्यामुळे झाले, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मग मी त्यांची थोडी थट्टा केली तर कुणी रागवायला नको.

त्या उंच होत्या, हडकुळ्या होत्या आणि सुती साडी घोट्याच्या बरीच वर नेसायच्या. "चालायला बरी पडते," म्हणायच्या. अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली. लग्नाकार्याला गजरा माळला तरी गजऱ्याच्या आत पेन्सिल असायचीच. कारखान्याच्या पर्सोनेल विभागात त्या स्टेनोग्राफर होत्या. दिवसभर साहेबलोक बोलायचे आणि त्या लिहून घ्यायच्या. साहेब मध्येच अडखळला, खिडकीबाहेर बघत बसला, की पेन्सिल कागदावर टेकवून त्या विचारायच्या, "आगे?" हीच सवय मराठी होऊन घरी आली. कुणी काहीही सांगत असो, कुंदाताईंचा प्रश्न एकच: "पुढे?" माझ्या आईने एकदा त्यांना आपल्या गुडघेदुखीची साग्रसंगीत हकिगत सांगितली. दर वाक्याला "पुढे?" ऐकून आई वैतागली. "अहो, पुढे काही नाही. दुखतो."

"मग डॉक्टरकडे कधी जाताय?" कुंदाताई म्हणाल्या आणि चालू पडल्या. आई आठवडाभर त्यांच्यावर चिडून होती आणि मग डॉक्टरकडे गेली.

आमचे बाबा पुण्याहून या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले होते. टाउनशिपमध्ये मुलांच्या भवितव्याची उतरंड ठरलेली असे. इंजिनिअर, ते नाही तर डॉक्टर, ते नाही तर बँक. यातलं काहीच जमलं नाही की घरातले आवाज खाली आणून सांगत, "लॉ करतेय." पोरीला कावीळ झाल्यासारखं. मी बी.एस्सी. कशीबशी झाले होते आणि त्या उतरंडीच्या तळाशी येऊन पडले होते. तुलसी नगरजवळ एका सरकारी शाळेच्या इमारतीत संध्याकाळी कायद्याचं कॉलेज भरायचं. तिथल्या प्रवेशाच्या रांगेत मी उभी होते, आणि माझ्यापुढे सबनीस मॅडम उभ्या होत्या. त्यांना मी ओळखत होते, पण त्या तिथे कुणाचा तरी फॉर्म भरायला आल्या असतील असं वाटलं. चाळिशीला टेकलेल्या बाईने स्वतःसाठी रांगेत उभं राहावं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"तू कशाला लॉ करतेस?" त्यांनी विचारलं.

"दुसरं काही मिळालं नाही म्हणून."

"पुढे?"

"पुढे काय? माहीत नाही."

"बरं आहे. मला पण माहीत नाही. सोबत जाऊ," त्या म्हणाल्या, आणि आमची मैत्री झाली.

त्यांचा प्रवेश माझ्यापेक्षा अवघड होता, कारण त्यांना कारखान्याची परवानगी लागत होती. त्यांनी रीतसर अर्ज दिला होता. त्याचं पुढे काय झालं ते सगळ्या टाउनशिपला ठाऊक होतं, कारण त्यांच्या साहेबांनीच ते क्लबात हसत हसत सांगितलं. साहेबांनी अर्ज नामंजूर करायचं ठरवलं. पण पत्र लिहायला स्टेनो हवी, आणि स्टेनो एकच. तेव्हा बिचाऱ्याने कुंदाताईंनाच बोलावलं आणि छताकडे बघत डिक्टेशन सुरू केलं, की कुमारी सबनीस यांची विनंती कामाच्या निकडीमुळे मान्य करता येत नाही. कुंदाताईंनी लिहिलं. "आगे?" साहेब म्हणाले की त्यांनी आपल्या कर्तव्याकडे लक्ष द्यावं. "आगे?" साहेबांना आता पुढे काही सुचेना. त्या उठल्या, पत्र टाइप केलं, कार्बन कॉपीसकट सहीला आणून ठेवलं आणि विचारलं, "साहब, ये मुझे ही मिलना है. यहीं ले लूँ या डाक से आएगा?" आवाजात टोमणा औषधालाही नाही. साहेब त्या पत्राकडे बघत राहिले. मग त्यांनी ते फाडलं आणि परवानगीचं पत्र डिक्टेट केलं. त्यालाही त्यांनी तितक्याच थंडपणे "आगे?" विचारलं म्हणतात.

अशा बाईलाही कशाची तरी बोच असेल हे मला फार उशिरा कळलं.

कॉलेज म्हणजे आनंदच होता. शाळेतली बुटकी बाकं, त्यात गुडघे अडकवून बसलेली आम्ही मोठी माणसं. कुणी ट्रेझरीतला क्लार्क, कुणी कंडक्टर, कुणी आपल्या भागातला पुढारी होऊ घातलेला. सर शिकवायचे हिंदीत, पुस्तकं इंग्रजीत, आणि आम्हा दोघींना काळजी वाटायची ती मराठीत. लाइट गेली की तास संपला. पुस्तकं महाग होती आणि सगळ्यांची चणचण सारखीच. त्यावर कुंदाताईंनी तोड काढली. एक जाडजूड पुस्तक वर्गणीतून घेतलं, बाइंडरकडून ते कापून घेतलं आणि त्याची पाच पातळ पुस्तकं शिवून आणली. दर शनिवारी कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा झाला की पिपलानीच्या बाजारात, उसाच्या रसाच्या गाडीपाशी अदलाबदल करायची. पुराव्याचा कायदा आम्ही असा हप्त्याहप्त्याने शिकलो. दिनेश विश्वकर्मा नावाचा मुलगा आमच्यात होता. त्याचे वडील कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होते. परीक्षेच्या आठवड्यात नेमका बिनकामाचा तुकडा त्याच्या वाट्याला आला आणि तो रडकुंडीला आला. कुंदाताईंनी त्याला रस पाजला आणि बाजारातून घरापर्यंत चालता चालता उरलेले चार तुकडे तोंडी सांगितले. ऐकलेलं त्यांना शब्दन्‌शब्द आठवायचं. त्याचाच तर त्या पगार घेत होत्या.

अभ्यास चालत करायचा, हा त्यांचाच हट्ट. "दिवसभर मी बसते आणि गप्प राहते," त्या म्हणायच्या, "संध्याकाळी तरी दोन्ही नको." आम्ही दसरा मैदानाला चकरा मारायचो. मागून दिनेश सायकल ढकलत यायचा. आमच्या काळज्यांना तर अंतच नव्हता. फी भरायची कशी, नापास झालो तर, पास झालो तर! पास होणं जास्त भयंकर होतं, कारण त्यापुढे काम शोधायचं होतं. कोर्टात ओळखीचं कुणी नाही. सीनिअर वकील नव्या पोरांना पैसे देत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. दिनेश एकदा म्हणाला, "मॅडम, फ्री में काम कर लूँगा, पर कोई रखे तो."

"पैसे नको मागूस. खुर्ची माग," कुंदाताई म्हणाल्या. हे त्या हिंदीतच म्हणाल्या, पण म्हणाल्या अशा की मला ते मराठीतच आठवतं. "ज्याला खुर्ची नाही तो दारात उभा राहतो. दारात उभं राहणाऱ्याला चहा आणायला पाठवतात. खुर्चीवर बसलेल्याला फाइल देतात."

परीक्षा संपल्यावर दिनेश अरेरा कॉलोनीत सक्सेना वकिलांच्या बंगल्यावर गेला आणि त्याने खरोखरच खुर्ची मागितली. सक्सेना साहेब मिस्कील होते. म्हणाले, "कुर्सी तो नहीं है, बेटा. अपनी ले आओ." झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाताईंच्या व्हरांड्यातली घडीची लोखंडी खुर्ची सायकलच्या कॅरिअरला बांधून दिनेश विश्वकर्मा, एलएल.बी., टाउनशिपच्या गेटातून बाहेर पडला. गेटवरच्या सिक्युरिटीने त्याला अडवलं, कारण खुर्ची कारखान्याची वाटली. कुंदाताईंना ऑफिसमधून येऊन सांगावं लागलं की ही खुर्ची आमच्या घरची आहे. त्या गेटवर उभ्या राहून सायकल वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "बघ, एक तर गेला."

त्यांचं स्वतःचं मात्र जाणं होत नव्हतं. वकिलीची सनद हवी तर नोकरी सोडायला हवी. पगारी नोकराला सनद मिळत नाही, हा नियम आम्हाला पहिल्याच वर्षी कळला होता. आणि ती नोकरी नुसती नोकरी नव्हती. कुंदाताईंचे वडील जळगावकडून येऊन कारखान्यात फोरमन झाले होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी म्हणून, कुंदाताईंना घेतलं. नोकरी राहिली म्हणून क्वार्टर राहिलं. त्या क्वार्टरमध्ये त्यांच्या आई, माई, राहत होत्या. पुढे पेरू, मागे कढीलिंब, खिडकीखाली मोगरा. माईंचा सगळा संसार त्या आवारात होता. कुंदाताईंनी राजीनामा दिला की तो संसार रस्त्यावर.

माई एकच वाक्य बोलायच्या, "ती यांची खुर्ची आहे." झालं, विषय बंद.

निकालानंतरचा तो काळ आठवला की मला अजून अस्वस्थ वाटतं. मी नोकऱ्यांच्या जाहिराती कापून ठेवत होते, अर्ज टाकत होते, कुठूनच काही येत नव्हतं. बाबा जेवताना बोलायचे नाहीत, तेच जास्त लागायचं. आणि कुंदाताई चालायच्या. आता तर अभ्यासही नव्हता, तरी चालायच्या. राजीनामा त्यांनी कितीदा टाइप केला असेल, देव जाणे. "टाइप करताना हात अडत नाही गं," म्हणायच्या, "सही करताना अडतो. मला सही करायची सवयच नाही. मी फक्त दुसऱ्यांच्या सह्या घेते."

एकदा मी चिडून विचारलं, "पण तुम्हाला वकील व्हायचंच कशाला आहे? बढती मिळेल की लॉवर."

त्या थांबल्या. इतक्या वर्षांच्या चालण्यात त्या थांबलेल्या मी तेव्हाच पाहिल्या. दसरा मैदानाच्या कडेला, कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला हात लावून त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी रामसेवकची गोष्ट सांगितली.

रामसेवक कारखान्यात वेल्डर होता. न सांगता बरेच दिवस गैरहजर राहिला म्हणून त्याच्यावर चौकशी बसली. चौकशीत एक साहेब प्रश्न विचारतो, एक साहेब आरोप मांडतो, आणि कोपऱ्यात बसून स्टेनो सगळं उतरवून घेते. रामसेवकची बायको आजारी होती, तिला घेऊन तो गावी आणि दवाखान्यात हेलपाटे घालत होता. हे कुंदाताईंना ठाऊक होतं, कारण तो त्यांच्या मागच्याच गल्लीत राहायचा. पण साहेबांसमोर त्याची वाचा बसली. शेवटी साहेबांनी विचारलं, "कुछ कहना है?"

"त्याने माझ्याकडे बघितलं, अनू," कुंदाताई म्हणाल्या. "खोलीत ओळखीची मी एकटीच होते. त्याला वाटलं मी सांगेन. मी पेन्सिल धरून बसले होते. स्टेनोने बोलायचं नसतं. मी वाट बघत बसले, तो काय म्हणतो ते लिहायला. मग तो म्हणाला, नहीं साहब. आणि मी लिहिलं, कुछ नहीं कहना. शॉर्टहँडमध्ये एवढीशी खूण होते त्याची." त्यांनी हवेत बोटाने गळासारखा एक आकडा काढला, एक बाकदार रेघ, एक टिंब. "एवढीशी. तेवढ्यावर त्याची नोकरी गेली. त्याचं सामान हातगाडीवर चढताना मी ऑफिसला चालले होते."

त्या दिवशी "पुढे?" कुणीच विचारलं नाही. आम्ही परत फिरलो.

निर्णय शेवटी माईंनी घेतला, आणि तोही न बोलता. कुंदाताई एका संध्याकाळी घरी आल्या तर व्हरांड्यात रिकामे तेलाचे डबे मांडलेले. मोगरा एका डब्यात, तुळस एकात, कढीलिंबाचं मुळाशी फुटलेलं पोर एकात. माई मातीच्या हातांनी पायरीवर बसलेल्या. "हे काय?" कुंदाताईंनी विचारलं.

"डब्यात राहायची सवय व्हायला महिना लागतो त्यांना," माई म्हणाल्या. "एकदम नेली तर मरतील."

"आणि पेरू?"

"पेरू कारखान्याचा," माई म्हणाल्या आणि हात धुवायला आत गेल्या. हे मला सांगताना कुंदाताई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. त्या आठवड्यात त्यांनी राजीनाम्यावर सही केली. साहेबांनी विचारलं म्हणे, की आता पत्रं कोण लिहिणार.

महिना संपल्यावर सगळे डबे हातगाडीत बसून टाउनशिपची हद्द ओलांडून सोनागिरीला गेले. अंतर म्हणाल तर रस्ता ओलांडण्याइतकंच. पण अलीकडे कारखान्याचं पाणी, कारखान्याची लाइट, कारखान्याचा दवाखाना. पलीकडे यातलं काही नाही. दोन खोल्या, वर पत्रा. खाली रफीक मास्टर नावाचे शिंपी होते, त्यांचं दुकान. कुंदाताईंचा काळा कोट त्यांनीच शिवला. कोटाला बाहेरून, डाव्या बाजूला, पेन्सिलीपुरता अरुंद खिसा हवा अशी खास फर्माईश होती. मास्टर त्यांना बाजी, म्हणजे ताई, म्हणायचे. म्हणाले, "बाजी, वकीलों के कोट में ऐसी जेब नहीं होती." "मेरे में होगी," कुंदाताई म्हणाल्या.

जबलपूरहून सनद आली. सक्सेना साहेबांकडे त्या गेल्या. त्यांना खुर्ची मागावी लागली नाही. दिनेशने व्हरांड्यातली तीच घडीची खुर्ची उलगडून पुसून ठेवली होती आणि स्वतः खोक्यावर बसला होता. मीही नोकरी मिळेपर्यंत म्हणून तिथे जाऊ लागले. टाउनशिपहून भोपाळातल्या त्या काळ्या धुराच्या टेम्पोत, ज्याला सगळे भटसुअर म्हणायचे, कोंबून घेऊन आम्ही कोर्टात जायचो. कुंदाताई सीनिअरच्या मागे बसून सगळं टिपून घ्यायच्या. सक्सेना साहेब खूश होते. समोरचा वकील काय म्हणाला ते त्यांना शब्दन्‌शब्द मिळायचं. बोलायची वेळ मात्र कुंदाताईंवर आली नव्हती.

ती आली रफीक मास्टरांच्या दाव्यात. घरमालकाला दुकान रिकामं करून हवं होतं आणि मास्टरांना कोर्टाचा मनाई हुकूम हवा होता. सक्सेना साहेबांनी आपलं म्हणणं मांडलं आणि दुसऱ्या कोर्टात पुकारा झाला म्हणून ते तिकडे धावले. जाताना कुंदाताईंना म्हणाले, "आप देख लीजिएगा." समोरचा वकील उठला. बोलता बोलता त्याने एक धडधडीत खोटं सांगितलं, की रफीकने दुकान आपण होऊन सोडलंय, चावी मालकाला देऊन टाकलीय. मी मागच्या बाकावर होते. माझ्या शेजारी रफीक मास्टर उभे होते, आणि ती चावी त्यांच्या मुठीत होती. त्यांनी मूठ वर केली, खाली केली. कुंदाताईंना फक्त उठून एवढंच सांगायचं होतं, की साहेब, चावी इथे आहे.

न्यायाधीश त्यांच्याकडे वळले. "वकील साहिबा, आपको कुछ कहना है?"

कुंदाताईंनी ते लिहून घेतलं.

मी मागून बघत होते. मान खाली, पेन्सिल झरझर. वाक्य पुरं झालं आणि त्या पेन्सिल कागदावर टेकवून थांबल्या, पुढच्या वाक्याची वाट बघत. त्यांच्या हिशेबी प्रश्न दुसऱ्या कुणाला तरी होता आणि उत्तर दुसरं कुणीतरी देणार होतं. इतक्या वर्षांत ते कधी त्यांनी दिलं नव्हतं. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. कोर्टात कुणीतरी खुसखुसलं. मी "कुंदाताई!" म्हणाले, पण मागच्या बाकावरून ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. न्यायाधीशांपुढे गठ्ठा होता. ते आपल्या स्टेनोकडे वळून सांगू लागले, "कुछ नहीं कहना, अर्ज़ी ख़ारिज," आणि त्या शब्दांनी कुंदाताई दचकून उभ्या राहिल्या. तोवर पुढचा पुकारा झाला होता.

त्या दिवशी त्या कोर्टापासून सोनागिरीपर्यंत चालत गेल्या. मीही गेले, दुसरं काय करणार? पूल आला, स्टेशनकडचा गजबजाट आला. गोविंदपुऱ्याच्या जवळपास म्हणाल्या, "त्यांच्या स्टेनोने काय लिहिलं, दिसलं मला. मला उलटं पण वाचता येतं. आकडा, बाक, टिंब. तीच खूण." मग म्हणाल्या, "तेव्हा मी लिहिणारी होते म्हणून बोलले नाही. आज काय होतं गं मला?"

मला वाटलं, संपलं आता. नोकरी गेली, क्वार्टर गेलं, आणि ही बाई कोर्टात तोंड उघडू शकत नाही. माईंच्या डब्यातल्या मोगऱ्याचा विचार येऊन मला भडभडून आलं.

घरी पोचल्यावर त्या वर गेल्याच नाहीत. सरळ मास्टरांच्या दुकानात शिरल्या. दुकान अजून उघडं होतं, पण किती दिवस ते आता मालकाच्या हातात होतं. कुंदाताई उभ्या राहून म्हणाल्या, "मास्टर, ग़लती मेरी है. आपकी तरफ़ से मुझे बोलना था. मैं लिखती रह गई."

मास्टर मशीनवर बसले होते. चावी त्यांनी मशीनच्या टेबलावर ठेवली होती.

कुंदाताईंनी कोट काढला. खिशातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. अंबाड्यातली काढून तीही दिली. "ये जेब सी दीजिए," त्या म्हणाल्या.

"कोट ख़राब दिखेगा, बाजी. काला धागा ख़त्म है."

"जो है उससे सी दीजिए."

मास्टरांनी पांढऱ्या धाग्याने तो खिसा शिवून टाकला. घट्ट, दुहेरी टाक्याने. कोट परत देताना त्याच्याबरोबर त्यांनी चावीही पुढे केली. "ये अपने पास रखिए. अब की बार आप ही दिखाइएगा."

वरच्या कोर्टात अपील झालं. सक्सेना साहेब स्वतः उभे राहणार होते, पण कुंदाताईंनी त्यांना हात जोडून बसवलं. मी त्या दिवशी नव्हते. मला नाशिकच्या एका बँकेतून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. दिनेशने फोनवर सांगितलं की मॅडम बोलायला उठल्या आणि पहिलं वाक्य बोलायच्या आधी चावी न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवली, ती इतक्या जोरात की शिपाई दचकला. पुढे आवाज कापत होता म्हणे, पण थांबल्या नाहीत. मास्टरांचं दुकान राहिलं. मला नोकरी लागली. निघताना मी पेन्सिली परत द्यायला गेले तर त्यांनी घेतल्या नाहीत. "तुला लागतील. तू आता पगारी माणूस," म्हणाल्या. मी रडवेली झाले होते. मी म्हटलं, "कुंदाताई, मला भीती वाटतेय."

"पुढे?" त्यांनी विचारलं, आणि मला हसू आलं.

त्यानंतर भेटी तुरळकच. बाबा निवृत्त झाले, आमचंही क्वार्टर सुटलं, भोपाळला जायचं कारण उरलं नाही. माई गेल्याचं दिनेशने कळवलं. मग बऱ्याच वर्षांनी बँकेच्या एका दाव्यासाठी मी त्याच कोर्टात गेले. दिनेशचं आता स्वतःचं टेबल होतं, पाच-सहा खुर्च्या होत्या, आणि त्यांत एक घडीची लोखंडी. तिच्यावर एक नवी पोरगी बसली होती. मॅडम कुठे आहेत विचारलं तर म्हणाला, "बहस चल रही है उनकी. जाइए, मिल जाएँगी."

मी मागच्या बाकावर जाऊन बसले. कुंदाताई माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. अंबाडा पांढरा, त्यात काही खोचलेलं नाही. बाजूला वळल्या की कोटावरची ती पांढरी शिवण दिसायची. कोट कदाचित दुसरा असेल, शिवण तीच होती. एका बडतर्फ कामगाराचं म्हणणं त्या मांडत होत्या. तो बाजूला कठड्याला धरून उभा होता आणि त्यांच्याकडे बघत होता. आवाज आता कापत नव्हता. पण मागे बांधलेल्या हातांकडे माझं लक्ष गेलं. उजव्या हाताची बोटं डाव्या तळव्यावर भराभर चालली होती. आकडे, बाक, टिंबं. पेन्सिल नव्हती तरी त्या लिहून घेत होत्या, आणि या खेपेला लिहून घेत होत्या ते स्वतःचं बोलणं.

एका वाक्यानंतर त्या श्वास घ्यायला थांबल्या. बोटंही थांबली. न्यायाधीशांनी कागदावरून नजर वर उचलली.

"हाँ, वकील साहिबा," ते म्हणाले, "आगे?"

आणि कुंदाताई पुढे बोलू लागल्या.